बंद पडलेला नकाशा दाखवायचा की लपवायचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: फोंडा तालुक्यातले एक वाचक २०१४ पासून वेबसाइटी करतात. आजवर पस्तीसेक झाल्या. त्यांत कळंगुट-कोलव्याची हॉटेले, दोन शाळा, गावचे देवस्थान आणि दुचाकी भाड्याने देणारा एक व्यावसायिक आहे. जीव मात्र आकडेवारीच्या चित्रांत रमतो. २०१७च्या विधानसभा निकालाचा नकाशा, तालुकावार पावसाचा नकाशा आणि २०११च्या जनगणनेचे एक पान त्यांनी हौसेने केले. धरणांच्या साठ्याचे पान आणि बसमार्गांचा नकाशा अजून चालू आहेत, पण धरणांचे पान गेल्या सप्टेंबरपासून भरलेले नाही आणि बसचा नकाशा अर्धवट पडला आहे. पुढे आकडेवारीचीच कामे मिळावीत म्हणून स्वतःची वेबसाइट करून हे सगळे मांडायचे आहे. अडचण अशी की निकालाचा नकाशा उघडत नाही, जनगणनेचे पान कोरे दिसते आणि निम्म्या हॉटेलांनी वेबसाइट दुसऱ्याकडून बदलून घेतली. बंगळूरचा मित्र सांगतो, सगळे रिअॅक्ट या वेबसाइट बांधायच्या साधनात नव्याने लिही आणि मगच दाखव. तेवढा वेळ नाही. ते विचारतात: नव्याने लिहू का? अर्धवट कामे दाखवली तर हसे होईल का? हॉटेलांची कामे लपवू का?

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी समजूत एकच दिसते: काम दाखवायचे म्हणजे आज उघडणारे पान दाखवायचे. म्हणून बंद पडलेले लपवायचे, अर्धवट लपवायचे, आणि जे दुसऱ्याने बदलले ते आपले राहिलेच नाही असे धरायचे. ही समजूत जरा तपासून पाहा. आकडेवारीचे काम देणारा माणूस वर्तमानपत्राचा संपादक असेल, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतला संशोधक असेल किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता असेल. तुमचा नकाशा किती सफाईने सरकतो हे तो काही सेकंदच पाहतो. त्यानंतर त्याला वेगळेच जाणून घ्यायचे असते. आकडे हातात आले तेव्हा ते कसे होते, तुम्ही त्यांचे काय केले, काय दाखवायचे टाळले, आणि पान एकदा चढवल्यावर त्याची देखभाल कोणी केली. हे बंद पडलेल्या कामातूनही सांगता येते.

आता मित्राचा सल्ला. सगळे नव्याने लिहायला सांगण्याआधी बिघाड कुठे आहे हे कोणी पाहिलेले दिसत नाही. निकालाचे पान क्रोममध्ये उघडा, एफ-१२ दाबा आणि कन्सोलमधली (चुका दाखवणाऱ्या खिडकीतली) पहिली लाल ओळ वाचा. पहिलीच वाचा, कारण खालच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात. त्या सुमाराची पाने न उघडण्याचे अगदी नेहमीचे कारण असे: पान तेव्हा साध्या एचटीटीपीवर होते आणि डी-थ्री या आलेख-नकाशे काढणाऱ्या जावास्क्रिप्ट संचाची फाइलही एचटीटीपीच्याच पत्त्यावरून मागवलेली होती. पुढे होस्टिंगवाल्याने एसएसएल (सुरक्षित जोडणी) चढवले, पान एचटीटीपीएस झाले. सुरक्षित पानावर असुरक्षित पत्त्यावरची स्क्रिप्ट ब्राउझर चालवू देत नाही. डी-थ्री आलीच नाही, म्हणून नकाशाही आला नाही.

तसे असेल तर डी-थ्रीची तीच जुनी आवृत्ती उतरवून घ्या, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पानातला पत्ता बदला. आवृत्ती मात्र वाढवू नका. २०१६च्या चौथ्या आवृत्तीत फंक्शनांची नावे बदलली, २०१८च्या पाचव्या आवृत्तीत सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल) वाचण्याची रीत बदलली, २०२०च्या सहाव्या आवृत्तीत माउसच्या हालचाली हाताळण्याची. तिसऱ्या आवृत्तीवर लिहिलेले पान सातव्या आवृत्तीवर नेणे म्हणजे निम्मे काम पुन्हा करणे, आणि पाहणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. जुनी आवृत्ती आजच्या ब्राउझरातही चालते, फक्त ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर न राहता तुमच्या ताब्यात हवी.

नकाशाच्या खाली गूगल मॅप्स असेल तर कारण वेगळे निघेल. २०१८च्या मध्यापासून गूगलने चावी (नकाशा वापरण्याचा सांकेतिक शब्द) आणि पैसे भरायचे खाते दोन्ही सक्तीचे केले. ज्यांनी केले नाही त्यांचे नकाशे काळवंडले. पण विचार करा, मतदारसंघ रंगवायला रस्ते आणि दुकाने दाखवणारा पार्श्वनकाशा लागतोच कशाला? नुसत्या सीमारेषा पुरेशा आहेत. पार्श्वनकाशा खरोखर हवा असेल (बसमार्गांना हवाच), तर लीफलेट हा नकाशे दाखवणारा संच आणि ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा वापरा, श्रेयाची ओळ कोपऱ्यात न विसरता ठेवा.

सीमांची फाइल नवी घेतलीत तर एका जागी हमखास अडखळाल. पान उघडते आणि गोव्याऐवजी सगळा पडदा एकाच रंगाने भरून जातो. फाइल बिघडलेली नसते. बहुभुजाची कड कोणत्या दिशेने काढली आहे यावरून डी-थ्री आतला भाग कोणता ते ठरवते, आणि जिओजेसन या सीमांच्या फाइलींच्या प्रकारात प्रमाणकाची दिशा नेमकी उलटी आहे. त्यामुळे ‘सांगे सोडून उरलेली सगळी पृथ्वी’ रंगवली जाते. कडेची दिशा उलटवली की नकाशा जागेवर येतो. फाइल जड असेल तर मॅपशेपर या साधनात टाकून बिंदू कमी करा. ते शेजारच्या दोन तालुक्यांची सामाईक रेषा एकच मानून साधी करते, म्हणून मध्ये फटी पडत नाहीत. प्रत्येक तालुका वेगवेगळा साधा केलात तर सत्तरी आणि डिचोलीच्या मध्ये पांढऱ्या चिरा दिसू लागतील.

जनगणनेचे कोरे पान बहुधा फ्यूजन टेबल्स या ऑनलाइन तक्त्यांच्या सेवेवर उभे होते. ती सेवा गूगलने ३ डिसेंबर २०१९ रोजी बंद केली, तिच्यातून आता काही निघणार नाही. जुनी पाने साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून पाहा. पानाचा सांगाडा मिळेल, पण स्क्रिप्टने मागाहून आणलेले आकडे तिथे बहुतेक वेळा साठवलेले नसतात. जनगणनेचे तक्ते सार्वजनिक आहेत, म्हणून पान पुन्हा उभे करणे शक्य आहे. तरी मी ते करायला सांगणार नाही. जुने स्क्रीनचित्र सापडले तर ते लावा, खाली वर्ष लिहा, बंद का पडले ते एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. सगळ्या जुन्या कामांना सारखाच वेळ देण्याची गरज नाही.

निकालाच्या नकाशाला मात्र वेळ द्या, कारण त्यात सांगण्यासारखे आहे. २०१७ला चाळीसपैकी काँग्रेसला १७, भाजपला १३, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) आणि गोवा फॉरवर्डला प्रत्येकी ३, राष्ट्रवादीला १ आणि अपक्षांना ३ जागा मिळाल्या. हे आकडे खऱ्या सीमांच्या नकाशावर रंगवले की डोळा फसतो. सांगे, पर्ये, वाळपई हे रानावनाचे मतदारसंघ अफाट पसरतात आणि पणजी ठिपक्याएवढी उरते, आमदार मात्र सगळीकडून एकेकच. नकाशाखाली चाळीस सारख्या चौकोनांची दुसरी मांडणी करा. पेडण्याचे चौकोन वर, काणकोणचा खाली, मुरगावचे पश्चिमेला, अशी जागा शक्य तितकी राखून. दोन्ही चित्रे एकाखाली एक ठेवा आणि कोणते कशासाठी पाहायचे ते दोन वाक्यांत लिहा. मुळातल्या कामात तुम्ही फक्त पहिलेच चित्र केले असेल तर तसेच नमूद करून दुसरे आज जोडा. एका शनिवार-रविवारचे काम आहे, आणि संपादकाला रिअॅक्टपेक्षा याचीच किंमत जास्त.

तुमच्या यादीतले सर्वात भरीव काम मला पावसाचे वाटते. आणि त्यातच सर्वात मोठी शंका आहे. ‘तालुकावार पाऊस’ असे तुम्ही लिहिता, पण हवामान खाते पाऊस तालुक्यावर मोजत नाही, केंद्रावर मोजते. पेडणे, म्हापसा, पणजी, जुने गोवे, साखळी, वाळपई, फोंडा, मडगाव, मुरगाव, दाबोळी, केपे, सांगे, काणकोण ही ती नेहमीची नावे. तिसवाडीत पणजी आणि जुने गोवे अशी दोन केंद्रे येतात, तर सत्तरीसारख्या पसरट तालुक्याला वाळपईचा एकच आकडा. तो आकडा चोर्ला घाटाच्या उतारापर्यंत रंगवून टाकला की नकाशा ठाऊक नसलेली गोष्ट ठासून सांगू लागतो. म्हणून तालुके रंगवू नका, केंद्राच्या जागी वर्तुळ काढा आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ पावसाच्या प्रमाणात ठेवा. त्रिज्या प्रमाणात ठेवलीत तर दुप्पट पाऊस चौपट दिसेल; त्यासाठी डी-थ्रीत वर्गमुळाची मोजपट्टी तयार मिळते.

तारखेकडेही पाहा. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ७ जुलैच्या नावावर लागलेला पाऊस हा ६ जुलैच्या साडेआठपासून ७ जुलैच्या साडेआठपर्यंतचा असतो. पणजी ६ तारखेला दुपारी तुंबली आणि तुमच्या आलेखातला उंच दांडा ७ तारखेवर उभा राहिला, तर वाचक म्हणणार आकडे चुकीचे आहेत. आलेखाखाली बारीक अक्षरात नव्हे, शीर्षकाच्या लगेच खाली ‘सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास’ असे लिहा.

रंगांच्या पायऱ्या स्वतःच्या मनाने पाडू नका. खात्याच्या पायऱ्या तयार आहेत: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. त्या वापरल्या की तुमचा नकाशा आणि बातमीतला इशारा एकच भाषा बोलतील. हंगामाच्या बेरजेला मात्र इंच द्या. गोव्यात पाऊस इंचांतच बोलला जातो आणि वाळपईने किंवा सांग्याने शंभरी गाठली की ती बातमी होते. १ जूनपासूनच्या चढत्या बेरजेच्या रेषालेखात २५४० मिलिमीटरवर आडवी रेघ मारून तिच्यावर ‘१०० इंच’ लिहा. एवढ्या एका रेघेने आलेख गोमंतकीय वाचकाला कळू लागतो.

आणखी एक चूक डोळ्यांना दिसत नाही. केंद्राचा आकडा आला नाही की सीएसव्हीत ती जागा रिकामी राहते. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुरापुढे अधिक चिन्ह लावून त्याची संख्या केली की उत्तर शून्य येते, ‘माहिती नाही’ असे येत नाही. मग ऐन जुलैत वाळपईला एक कोरडा दिवस उगवतो आणि हंगामाची बेरीजही कमी भरते. आकडे वाचतानाच रिकामी जागा वेगळी काढा, रेषा तिथे तुटू द्या आणि बेरजेपुढे ‘इतक्या दिवसांची नोंद नाही’ असे लिहा. तुमच्या जुन्या नकाशात हे झाले होते का ते आधी तपासा. झाले असेल तर प्रकल्पाच्या पानावर तसे सरळ लिहा, काय दुरुस्त केले तेही लिहा. अशा चार ओळी वाचून काम देणाऱ्याचा विश्वास वाढतो, कारण त्याच्याही फाइलीत अशाच रिकाम्या जागा असतात.

आता चालू कामे. ‘अर्धवट दाखवले तर हसे होईल’ ही भीती मला चुकीच्या जागी वाटते. अपुऱ्या पानाला कोणी हसत नाही. जे पान आजचे असल्यासारखे दिसते आणि ज्यात गेल्या सप्टेंबरचे आकडे असतात, ते पाहून मात्र माणूस बाकीच्या पानांवरही शंका घेतो. साळावली धरण १०० टक्के भरलेले असे मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात दिसले तर सासष्टीतला कोणीही ते पान पुन्हा उघडणार नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे स्थिती लिहा: चालू, थांबवले, पूर्ण, किंवा जतन केलेले. चालू असलेल्याच्या माथ्यावर शेवटच्या आकड्याची तारीख हवी आणि ती हाताने न लिहिता आकड्यांच्या फाइलीतूनच उचललेली हवी. शेवटची नोंद सात दिवसांहून जुनी झाली की पानावर आपोआप पिवळी पट्टी यावी: ‘हे आकडे अमुक तारखेचे आहेत.’ दहा-पंधरा ओळींचा कोड आहे.

धरणांच्या पानात नुसते टक्के दाखवत असाल तर तेही बदला. साळावलीची साठवण क्षमता २३० दशलक्ष घनमीटरच्या वर आहे, अंजुण्याची पंचेचाळीसच्या आसपास, आमठाण्याची सहाच्या आसपास. अर्धे भरलेले साळावली म्हणजे दोन भरलेली अंजुणे आणि वर आणखी पाणी. एकाच उंचीच्या पाच दांड्यांत टक्के भरले की हे सगळे झाकले जाते. दांड्यांची रुंदी क्षमतेप्रमाणे ठेवा आणि उंची टक्क्यांप्रमाणे. मग रंगलेले क्षेत्रफळ म्हणजेच पाणी. आमठाणे आणि पंचवाडीचे दांडे अगदी बारीक होतील, त्यांची नावे बाजूला रेघ काढून लिहावी लागतील. होऊ द्या, ती धरणे लहानच आहेत.

रोज हाताने भरणे कोणाच्याच्याने निभत नाही. आकडे ज्या पानावर येतात तिथून ते आपोआप उचलायचे असतील तर आधी त्या पानाच्या वापराच्या अटी वाचा आणि स्रोताचे नाव द्या. आलेले मूळ पान किंवा पीडीएफ तारखेच्या नावाने वेगळ्या फोल्डरात जसेच्या तसे ठेवा. स्वच्छ केलेला तक्ता दुसऱ्या फोल्डरात. मूळ फाइलीवर कधीही लिहू नका. सहा महिन्यांनी एखादा आकडा चुकीचा वाटला तर चूक तुमची की त्यांची, हे ठरवायला दुसरे काही हाताशी नसते. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेच्या वेळापत्रकावर हे काम लावता येते, फुकट. मात्र दोन खाचाखोचा लक्षात घ्या. तिथले घड्याळ जागतिक वेळेचे असते, म्हणजे आपल्या सकाळच्या ११.१७ साठी ५.४७ लिहायचे, आणि ठोक्याच्या वेळेला गर्दी असल्याने काम उशिरा सुटते, म्हणून असे आडनिडे मिनिट बरे. दुसरी खाच पावसाच्या पानाला हमखास बाधते. सार्वजनिक प्रकल्पात साठ दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रक बंद करते. डिसेंबर ते मे पाऊस नाही, नवी नोंद नाही, हालचाल नाही. आणि जूनच्या पहिल्या सरी आल्या तरी पान गप्प. मेच्या शेवटच्या आठवड्यात वेळापत्रक हाताने सुरू करण्याची आठवण फोनवर लावून ठेवा.

बसमार्गांचा नकाशा आहे त्या रूपात बंद करा, असे मी सुचवीन. सरकारी कदंबच्या गाड्या, खासगी गाड्या, बदलत्या वेळा, गावागावांतले अनधिकृत थांबे, हे एका माणसाच्या आवाक्यातले काम नाही, आणि अपुरा बसनकाशा माणसाला प्रत्यक्ष थांब्यावर ताटकळत ठेवतो. त्याऐवजी एक मार्ग निवडा, तुमच्या रोजच्या पायाखालचा पणजी-फोंडा. त्याचे थांबे आणि वेळा जीटीएफएस या वाहतुकीच्या वेळापत्रकांच्या ठरलेल्या रचनेत भरा: थांब्यांची एक फाइल, मार्गांची एक, फेऱ्यांची एक, आणि कोणती फेरी कोणत्या थांब्यावर कधी, याची एक. जगभरच्या वाहतूक नकाशांना हीच रचना चालते, त्यामुळे एक मार्ग नीट भरलात तरी पुढे दुसऱ्याला जोडता येईल. ‘एक मार्ग पूर्ण, तपासल्याची तारीख अमुक’ हे ‘सगळा गोवा, काम चालू’ यापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

हॉटेलांची कामे लपवू नका. इतकी वर्षे घर त्यांनी चालवले आणि त्यांत शिकण्यासारखेही बरेच होते. पण वीस हॉटेलांची वीस छायाचित्रे सारखीच दिसतात, तेव्हा एकच निवडा आणि मोजून दाखवा. कॅमेऱ्यातून आलेला चार हजार पिक्सेल रुंद फोटो तसाच चढवला की एकेक फोटो पाच-सहा एमबीचा होतो. तोच सोळाशे पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या प्रकारात दोन-तीनशे केबीत बसतो. काणकोणात मोबाइलची एकच दांडी असताना खोली शोधणाऱ्याला हा फरक कळतो. पानाचे आधीचे आणि नंतरचे वजन क्रोममधल्या लाइटहाउस या साधनात मोजून लिहा. मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसले तर गूगलच्या मापाने ते चांगले. शिवाय हंगामाप्रमाणे बदलणारे खोल्यांचे दर, नाताळ ते नववर्षाचा वेगळा दर, पावसाळ्यातली सवलत हे तक्ते तुम्हीच मांडलेत ना? गुंतागुंतीचे आकडे माणसाला पटकन वाचता येतील असे मांडणे हेच ते काम, ज्याच्यामागे तुम्ही आहात. तसेच लिहा. बाकीची हॉटेले एका तक्त्यात एकेका ओळीत द्या: वर्ष, प्रकार, गाव, तुमचा वाटा, आज स्थिती काय.

निम्मी पाने दुसऱ्याने बदलली, त्यांचे आजचे दुवे देऊ नका. आजचे रूप तुमचे नाही. वेबॅक मशीनमधले तेव्हाचे रूप शोधा, चित्र घ्या, ‘२०१६ ते २०१९’ अशी मुदत लिहा. छायाचित्रकार किंवा चित्रकार दुसरा असेल तर त्याचे नाव त्याला विचारून द्या.

मराठीत आलेख करणाऱ्या सर्वांसाठी थोडे. पानाला भाषेची खूण मराठीचीच द्या, हिंदीची नको. त्यामुळे काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात आणि स्क्रीन रीडरही उच्चार बरोबर करतो. कोकणी मजकुराला कोकणीची वेगळी खूण. आलेखातल्या नावांमध्ये अक्षरांचे अंतर वाढवू नका आणि एकेक अक्षर हलवणारी करामत टाळा, जोडाक्षरे फुटतात. ‘धारबांदोडा’ तिरके लिहून वाचायला लावण्यापेक्षा दांडे आडवे करा, नाव डावीकडे सरळ बसते. वर थोडी मोकळी जागा सोडा, नाहीतर वेलांट्या आणि रफार कापले जातात. संख्या डी-थ्रीच्या नेहमीच्या साच्यातून काढल्या तर स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडतात. १४,५८,५४५ असे लाखांच्या रीतीने हवे असेल तर गट तीन, दोन, दोन असे सांगावे लागतात, किंवा ब्राउझरचा मराठी साचा वापरला तर देवनागरी अंकांसह ते आपोआप मिळते. आणि सरकारी तक्ता जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल तर मजकूर आधी बदलून घ्या. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचा चिखल असतो. शोध आणि क्रमवारी दोन्ही बिघडतात.

प्रत्येक आलेख माउस न फिरवताही काही तरी सांगत असला पाहिजे. फोनवर माउस नसतो. सर्वात महत्त्वाचा आकडा चित्रावरच लिहिलेला असू द्या. त्याबरोबर प्रत्येक कामाचे एक स्थिर चित्र ठेवा, कोड कधी बंद पडला तरी पान कोरे पडणार नाही.

वेबसाइटची रचना करण्याआधी एक तक्ता भरा: कामाचे नाव, वर्ष, कोणासाठी, तुमचा वाटा, पत्ता, उघडते का, आकडे कुठले, परवानगी आहे का, स्थिती. एका संध्याकाळी होईल. त्यातून तीन कामे निवडा. तुमच्या बाबतीत पाऊस, निकाल आणि एक हॉटेल. या तिघांना स्वतंत्र पान, प्रत्येकी तीन-चारशे शब्द: प्रश्न काय होता, आकडे कुठून आणि कोणत्या तारखेचे, काय ठरवले, काय टाकून दिले, काय चुकले, आज स्थिती काय. धरणांचे पान आपोआप चालू झाल्यावर चौथे. उरलेली सगळी तक्त्यात. साधे एचटीएमएल पुरते, आणि सगळी जुनी पाने स्वतःच्या एकाच डोमेनखाली आणा, म्हणजे कोणा गिऱ्हाइकाने होस्टिंगचे पैसे भरले नाहीत म्हणून तुमचे काम नाहीसे होणार नाही.

गिऱ्हाइकांना परवानगीचा निरोप आत्ताच पाठवा, उत्तरांना वेळ लागतो. निरोप लहान असावा: “नमस्कार. २०१६ साली तुमच्या हॉटेलची वेबसाइट मी केली होती. माझ्या कामांच्या यादीत तिचे तेव्हाचे चित्र आणि हॉटेलचे नाव द्यायची इच्छा आहे. गिऱ्हाइकांची किंवा बुकिंगची कोणतीही माहिती त्यात नसेल. चालेल का, एवढेच कळवा.” नाही म्हणाले किंवा उत्तर आले नाही, तर ‘बार्देशातील एक हॉटेल’ असे लिहा आणि चित्रातला फलक, फोन नंबर कापा. बुकिंगच्या आतल्या पडद्याचे चित्र हवे असेल तर पाहुण्यांची नावे धूसर करू नका, धूसर केलेला मजकूर पुन्हा वाचता येऊ शकतो. खोटी नावे भरलेली प्रत तयार करून तिचेच चित्र घ्या.